फ्लशची टाकी वाहायची थांबत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाण्याच्या तक्रारी वाढतात. या वेळी बेळगाव, निपाणी, खानापूर आणि चिकोडी भागांतून आलेल्या बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे : संडासातील फ्लशची टाकी वाहत राहते, पाणी वाया जाते आणि नेमके काय बिघडले आहे ते कळत नाही. राकसकोप आणि हिडकल धरणांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या बेळगाव शहरात काय, किंवा बोअर आणि विहिरीवर भागवणाऱ्या खेड्यांत काय, एप्रिल-मे महिन्यांत असे पाणी वाया जाणे कुणालाच परवडणारे नाही. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या घरी नळाला काही दिवसांआड पाणी येते. गच्चीवर ५०० लिटरची टाकी आहे. रात्री दहाच्या सुमारास ती काठोकाठ भरते आणि सकाळी सहाला उठून पाहावे तर रिकामी झालेली असते. कमोडमध्ये पाण्याची धार सतत उतरताना दिसते. प्लंबर म्हणतो, फ्लशच्या टाकीतील सगळा सेट बदलावा लागेल. तसे करणे खरोखर आवश्यक आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : सगळा सेट बदलण्यापूर्वी थोडा हिशेब करू. आपल्या पत्रातच निदानाची निम्मी सामग्री आहे. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे आठ तास, अर्थात ४८० मिनिटे. एवढ्या वेळात ५०० लिटर पाणी गेले, म्हणजे मिनिटाला सुमारे एक लिटर गेले. फ्लशच्या टाकीच्या तळाचे रबर थोडे खराब झाले तर पाणी जाते, पण ते बहुधा झिरपते. मिनिटाला १०० मिलिलिटर झिरपले तरी आठ तासांत ४८ लिटरच जाईल आणि गच्चीवरची टाकी सकाळी जवळजवळ भरलेलीच दिसेल. मिनिटाला लिटरभर जाते आहे, त्या अर्थी पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंदच होत नसावा आणि टाकीत आलेले जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये उतरत असावे, हा पहिला संशय.

हा संशय खरा की खोटा, हे पैसा न खर्च करता ठरवता येते. फ्लशच्या टाकीचे झाकण काढावे. टाकीच्या मध्यभागी एक उभी पोकळ नळी दिसेल. तीच ओव्हरफ्लोची नळी. पाणी तिच्या तोंडाशी पोहोचून आत सांडत असेल, तर दोष पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, म्हणजे बॉलकॉकचा आहे. पाणी नळीच्या तोंडाच्या बरेच खाली असूनही कमोडमध्ये धार चालू असेल, तर दोष तळाच्या रबराचा आहे. डोळ्यांनी पाहून नक्की कळत नसेल, तर भिंतीवरचा अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीला पाणी सोडणारा छोटा नळ, पूर्ण बंद करावा, टाकीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारावी आणि अर्धा तास थांबावे. पाणी रेघेवरच राहिले तर तळ शाबूत आहे, बॉलकॉककडे पाहावे. पाणी खाली उतरत राहिले तर तळ गळतो आहे. नळीच्या तोंडापर्यंत उतरून तिथेच थांबले, तर पुन्हा बॉलकॉकच दोषी. पाणी उतरले, पण कमोडमध्ये मात्र एक थेंबही दिसला नाही, तर टाकीखालचा जोड किंवा बोल्टजवळचे रबर तपासावे. अशा वेळी फरशी किंवा भिंत ओली सापडते.

ही रेघेची परीक्षा मी प्रत्येक वाचकाला आग्रहाने सांगतो. दुकानात जाण्याआधी किंवा प्लंबरला बोलावण्याआधी पाणी वरून जाते की खालून, एवढे आपल्याला ठाऊक असले, तर निम्मा खर्च वाचतो. काही कारागीर सरळ सगळा सेट बदलतात, कारण त्यांना त्यात वेळ कमी लागतो आणि पुन्हा बोलावणे येण्याची धास्ती राहत नाही. त्यात त्यांची लबाडी असतेच असे नाही. पण जिथे एका वॉशरने काम भागते तिथे सेटचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. प्रथम तरंगणारा गोळा हातात धरून वर उचलावा. गोळा वर नेल्यावर पाण्याची धार थांबत असेल, तर व्हॉल्व्ह ठीक आहे. फक्त गोळा पुरेसा वर येत नाही किंवा पातळी चुकीच्या उंचीवर ठेवलेली आहे. गोळा फिरवून काढून कानाजवळ हलवावा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर त्याला चीर गेली आहे. तो बदलण्यावाचून इलाज नाही. गोळा कोरडा असेल तर पितळी दांडा थोडा खाली वाकवावा. प्लास्टिकच्या दांड्याला तसे करू नये. त्याच्यावर पातळी कमी-जास्त करण्यासाठी स्क्रू असतो. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली सुमारे एक इंच राहील, अशी ती ठेवावी. गोळा किंवा त्याचा दांडा टाकीच्या भिंतीला किंवा मधल्या नळीला घासत नाही, हेही पाहावे. बदललेल्या सुट्या भागांमुळे असे घासणे अनेकदा घडते आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

गोळा वर उचलूनही पाणी थांबत नसेल, तर वॉशर गेला. अँगल कॉक बंद करून टाकी फ्लश करून रिकामी करावी. दांडा ज्या खिळीवर फिरतो ती खिळी काढली की आतली छोटी दट्ट्यासारखी सोंगटी बाहेर येते आणि तिच्या टोकाला रबराचा वॉशर असतो. तो उजेडात धरून पाहावा. नोझलच्या, म्हणजे ज्या तोंडातून पाणी टाकीत येते त्याच्या, कडेने वॉशरच्या मधोमध गोल खाच पाडलेली दिसते आणि त्या खाचेत एखादा वाळूचा कण अडकलेला असला, तर सगळ्या प्रकाराचा उलगडा तिथेच होतो. वॉशर उलटा करून बसवला तरी तात्पुरते काम भागते, पण नवा वॉशर घेणे चांगले. नवा घेताना जुना सोबत न्यावा, कारण दिसायला सारख्या वॉशरांच्या जाडीत फरक असतो आणि तोंडी सांगून तो मिळत नाही. जोडणी पुन्हा करण्यापूर्वी नोझलवर हाताचा आडोसा धरून अँगल कॉक क्षणभर उघडावा, म्हणजे नळीत साचलेला गाळ निघून जातो. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण रिकाम्या नळांतून पाण्याची पहिली धार येते तेव्हा ती माती आणि गंज सोबत घेऊन येते.

आपल्याकडील टाकीत गोळ्याऐवजी उभा व्हॉल्व्ह असेल, तर त्याचे वरचे टोपण साधारण पाव फेरा फिरवून उचलता येते. खाली रबराचा पातळ पडदा असतो. तो धुऊन, चिरलेला नाही ना हे पाहून पुन्हा बसवावा. या व्हॉल्व्हच्या तोंडाशी लहान जाळी असते, तीही साफ करावी.

प्रश्न : मध्यरात्री घरात सगळे झोपलेले असताना संडासातील टाकी अचानक थोडा वेळ भरल्याचा आवाज येतो आणि मग बंद होतो. पाऊण तासाने पुन्हा तसेच. कमोडमध्ये धार दिसत नाही. माझ्या सासूबाईंना या आवाजाने झोप लागत नाही. टाकी दोन बटणांची आहे.
— एक गृहिणी, शहापूर, बेळगाव

उत्तर : आपल्या टाकीच्या तळाशी फ्लशचे जे रबर असते, त्याला सील म्हणतात. ते पूर्ण बसत नाही आणि पाणी कमोडच्या भिंतीला चिकटून इतके हळू उतरते की डोळ्यांना दिसत नाही. टाकीतील पातळी दोन-तीन लिटरांनी खाली गेली की बॉलकॉक उघडतो, टाकी पुन्हा भरते आणि तो आवाज होतो. दर पाऊण तासाला अडीच लिटर धरले, तर दिवसाला असे बत्तीस वेळा होते आणि ८० लिटर पाणी गटारात जाते.

खात्री करण्यासाठी रात्री निजण्यापूर्वी अँगल कॉक बंद करून टाकीत जिलेबीला वापरतात तो केशरी खाण्याचा रंग चमचाभर घालावा आणि फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटे थांबावे. कमोडमधील पाण्यात रंग उतरला, तर सील गळते आहे. अँगल कॉक आधी बंद करायला सांगितले त्याला कारण आहे : तो उघडा राहिला आणि टाकी वरून सांडत असली, तर रंग ओव्हरफ्लोमधूनही खाली जातो आणि निदान चुकते.

दोन बटणांच्या टाकीचे काम बाहेरून किचकट वाटते, पण ते तसे नाही. बटणाभोवतीची चकती फिरवून झाकण काढावे. टाकी रिकामी करून मधला संपूर्ण फ्लश व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी धरून डावीकडे पाव फेरा फिरवावा. बहुतेक टाक्यांत तो एवढ्यावर सुटून वर येतो. त्याच्या बुडाशी चपटी रबरी कडी असते. ती बोटांनी ताणून काढावी आणि दोन्ही बाजूंनी पाहावी. ज्या घरी बोअरचे पाणी वापरतात, तिथे कडीवर आणि ती टेकते त्या गोल बैठकीवर पांढरा खरखरीत क्षार बसलेला असतो, आणि एखाद्या कोपऱ्यात तो नखाला लागेल इतका जाड झालेला असतो. पाणी तेवढ्याच फटीतून जाते. बैठक जुन्या दातांच्या ब्रशने आणि कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वाने घासावी. चाकूने किंवा सॅंडपेपरने खरवडू नये. प्लास्टिकवर ओरखडा पडला की गळती कायमची होते. कडी मऊ असेल तर धुऊन उलट्या बाजूने बसवावी. ती कडक, फुगलेली किंवा लाटालाटांची झाली असेल, तर नवी आणावी.

सील धुऊनही गळती राहिली, तर बटणांखालच्या दांड्या तपासाव्यात. झाकण घट्ट बसवल्यावर त्या किंचित लांब पडत असतील, तर बटण सतत थोडे दाबलेले राहते आणि व्हॉल्व्ह उचललेला राहतो. दांड्यांची लांबी फिरवून कमी करता येते. झाकण काढले की गळती थांबते आणि लावले की सुरू होते, असा अनुभव येत असेल तर कारण हेच.

एक सूचना कळकळीने करतो. संडास धुण्याचे ॲसिड टाकीत कधीही ओतू नये. त्याने आतले धातूचे भाग खाल्ले जातात आणि रबर कडक होते. ते ब्लीचिंग पावडरीशी मिसळले, तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. टाकीत सोडायच्या क्लोरीनच्या गोळ्यांनीही रबर लवकर खराब होते. स्वच्छतेची औषधे कमोडमध्येच वापरावीत.

प्रश्न : आमच्या भागात चोवीस तास पाणी सुरू झाल्यावर आम्ही संडासाची जोडणी गच्चीवरच्या टाकीऐवजी थेट नळाला घेतली. दिवसा सगळे ठीक असते. रात्री मात्र फ्लशच्या टाकीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि पाणी ओव्हरफ्लोमधून जाते. बॉलकॉक नवा आहे. अँगल कॉक निम्मा बंद करूनही फरक पडला नाही.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बेळगावच्या दहा प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणीपुरवठ्याचा प्रयोग सुरू झाला, तेव्हापासून अशा भागांत ही तक्रार समजण्यासारखी आहे. तिचे मूळ पाण्याच्या दाबात आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो होतो. गच्चीवरची टाकी फ्लशच्या टाकीपेक्षा चार-पाच मीटर उंच असेल, तर तिचा दाब अर्ध्या किलोच्या आसपास येतो. रस्त्यावरच्या नळाचा दाब त्याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि रात्री गल्लीतील बाकी नळ बंद झाले की तो आणखी वाढतो. म्हणूनच आपला त्रास रात्रीचा आहे.

गोळा पाण्यावर तरंगून वॉशरला नोझलवर दाबतो, तेव्हा त्या दाबण्याला मर्यादा असते. नोझलचे भोक मोठे असेल, तर जास्त दाबाचे पाणी त्या गोळ्याला हरवते आणि वॉशर थोडा उचलला जातो. शिट्टी त्या फटीची असते. कमी दाबासाठी मोठ्या भोकाचा आणि जास्त दाबासाठी लहान भोकाचा, असे बॉलकॉकचे वेगवेगळे प्रकार मिळतात. आपला बॉलकॉक नवा असला तरी तो कमी दाबाचा असावा. दुकानात जास्त दाबाचा, म्हणजे हाय प्रेशरचा, बॉलकॉक मागावा. लांब दांडा किंवा मोठा गोळा लावल्यानेही जोर वाढतो, पण अरुंद टाकीत त्यासाठी जागा नसते.

अँगल कॉक निम्मा बंद करण्याचा उपयोग झाला नाही, हे स्वाभाविक आहे. अँगल कॉकने पाण्याचा वेग कमी होतो, दाब नाही. टाकी भरत आली आणि वाहणे जवळजवळ थांबले की कॉकच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि नोझलवर रस्त्याचा पूर्ण दाब येतो. घरात इतर ठिकाणीही त्रास होत असेल, नळ बंद करताच नळ्यांत ठक् असा आवाज होत असेल, तर मुख्य जोडणीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. सर्वांत सोपा उपाय मात्र मला असा वाटतो की पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी थेट नळाचे घ्यावे आणि संडासाची जोडणी पूर्ववत गच्चीवरच्या टाकीला द्यावी. चोवीस तासांच्या पाण्याचे बिल मीटरवर येत असल्याने गळतीची शहानिशाही सोपी आहे : रात्री घरातील सर्व नळ बंद करून मीटरमधील लहान चक्र पाहावे. ते फिरत असेल, तर घरात कुठेतरी पाणी जाते आहे.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात उंचावर बसवलेली साखळीची बिडाची टाकी आहे. साखळी ओढल्यावर पाणी जोरात येते, पण नंतर थांबतच नाही. कधी कधी साखळी न ओढताही बारीक धार येत राहते. पाणी विहिरीचे, पंपाने चढवलेले आहे.
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. साखळीच्या टाकीच्या तळाला उघडझाप करणारे रबर नसते. टाकीत एक घंटा असते. साखळी ओढून सोडली की पाणी तिच्या आतल्या उभ्या नळीवरून उलटते आणि मग सायफनच्या ओढीने सगळे पाणी खाली जाते. हवा आत शिरली की ती ओढ तुटते. पाणी रिकामे होण्याच्या वेगानेच टाकीत भरत राहिले, तर हवेला शिरायला वाव मिळत नाही आणि प्रवाह चालूच राहतो. इथे मात्र अँगल कॉक थोडा आवळून भरण्याचा वेग कमी करणे हाच योग्य उपाय आहे. शिट्टीच्या तक्रारीत जे निरुपयोगी ठरले तेच इथे उपयोगी पडते.

साखळी न ओढता येणारी धार बॉलकॉकमुळे येते, कारण पाण्याची पातळी उभ्या नळीच्या तोंडावर गेली की पाणी तिच्यातून सांडते. पातळी उतरवूनही धार राहिली, तर उभ्या नळीचा तळाशी असलेला जोड झिजला आहे, असे समजावे. विहिरीच्या पाण्यातला तांबूस गाळ घंटेखाली आणि नोझलमध्ये साचतो, तेव्हा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर टाकी एकदा पूर्ण धुऊन काढावी. टाकी बिडाची आणि जड असल्याने तिचे ब्रॅकेट गंजलेले नाहीत, हे पाहिल्याशिवाय शिडीवर चढून तिला हात लावू नये.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. मालक दुरुस्तीला वेळ लावतात. तोपर्यंत अँगल कॉक बंद ठेवून गरजेपुरता उघडला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : चालेल. फक्त जुना अँगल कॉक रोज फिरवल्याने त्याच्या दांड्याजवळून थेंब गळू लागतात. तसे झाले तर दांड्यालगतची चाकी किंचित आवळावी. त्याहून सोपे म्हणजे कॉक बंदच ठेवावा आणि बादलीने पाणी ओतावे; वरून एकदम ओतलेल्या पाच-सहा लिटर पाण्याने कमोड साफ होतो. जोडणीची प्लास्टिकची चाकी हातानेच आवळावी, पान्याने नाही, कारण ती तडकते. टेफ्लॉन टेप भिंतीतील आट्यांसाठी असतो. ज्या चाकीच्या आत रबरी वॉशर आहे तिथे त्याची गरज नसते.

प्रश्न : आमच्या गावात ड्रेनेज नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आहे. वर्षभरापूर्वीच उपसा केला, तरी टँक पुन्हा तुडुंब भरला आहे आणि शोषखड्ड्याभोवती जमीन ओली राहते. घरात माणसे चारच आहेत. फ्लश थोडा गळतो, पण त्याचा याच्याशी संबंध असेल का?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : नक्कीच असू शकतो, आणि गावाकडच्या घरांत या कारणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सेप्टिक टँकमध्ये मैला तळाला बसण्यासाठी पाणी निदान एक-दोन दिवस शांत राहावे लागते. मिनिटाला २०० मिलिलिटर, म्हणजे पेलाभर पाणी गळत असेल, तर दिवसाला २८८ लिटर स्वच्छ पाणी टँकमध्ये शिरते. तेवढेच पाणी टँकमधून बाहेर ढकलले जाते आणि तळाला बसण्याआधीच गाळ शोषखड्ड्यात जातो. शोषखड्ड्याच्या मातीची छिद्रे त्या गाळाने एकदा बुजली, की नुसता उपसा करून ती मोकळी होत नाहीत. त्यात आपल्याकडचा पाऊस आला की जमीन आधीच भिजलेली असते आणि पाणी कुठेच मुरत नाही.

टँकचे झाकण उघडून वाकून पाहू नये; आतला वायू जीवघेणा असतो. संडास आणि टँक यांच्या मधल्या चेंबरचे झाकण पहाटे, घरात कुणीही पाणी वापरण्यापूर्वी, उघडावे आणि नळीच्या तोंडाकडे टॉर्चने पाहावे. नळी कोरडी असेल तर फ्लश दोषी नाही, शोषखड्ड्याचीच तपासणी करून घ्यावी. नळीच्या तळातून स्वच्छ पाण्याची बारीक धार चालू दिसली, तर पहिल्या दोन उत्तरांतील क्रमाने फ्लशची टाकी दुरुस्त करावी, आणि नव्या शोषखड्ड्याचा खर्च काढण्याआधी जमीन वाळते का, ते काही आठवडे पाहावे.